जुन्या गाडीला बाहेरून मागवलेले हेडलाइट: आधी वायर मोजा, मग दिवा बसवा

गेल्या पावसाळ्यात एका महिन्यात तीन गाड्या एकच तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या. दोन जिप्सी, एक ॲम्बॅसेडर. "बाहेरून लाइट मागवले, पैसे घातले, तरी घाटात पुढचं काही दिसत नाही." तिन्ही गाड्यांचे दिवे अस्सल होते. एका गाडीत बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बपाशी जेमतेम ११.४ पोचत होते. दुसरीतले दिवे उजवीकडून गाड्या चालतात अशा देशासाठी बनलेले होते, त्यामुळे समोरच्याचे डोळे दिपत आणि आपल्या डाव्या कडेला अंधार राही. तिसरीत अप्पर (लांबचा झोत) लावला तरी डिपर (जवळचा, खालचा झोत) विझत नव्हता, कारण त्या गाडीचं स्विचिंग मायनसकडून होतं, म्हणजे स्विच प्लसऐवजी मायनस जोडत होता, आणि रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) सरधोपट पद्धतीने जोडले होते.

तिन्ही चुका दिवा बसवण्याआधी अर्ध्या तासात कळल्या असत्या. म्हणून हा लेख बसवण्यापेक्षा तपासणीवर जास्त रेंगाळतो.

इथे सात इंची गोल हेडलाइट धरला आहे, म्हणजे ॲम्बॅसेडर, जिप्सी आणि जुन्या जीपला बसतो तो. आत एच४ हॅलोजन बल्ब, ६०/५५ वॅट. गाडी १२ व्होल्टची आणि बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला. फार जुन्या इंग्लिश बनावटीच्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो. तुमची तशी असेल तर इथली जोडणी जशीच्या तशी करू नका.

## १. दिवा मागवण्याआधी काचेवरची अक्षरं वाचा

काच हातात घ्या आणि खालच्या भागातला ठसा उजेडात तिरका धरून बघा. गोलात ई (E) आणि एक आकडा दिसेल. हा आकडा ज्या देशाने मंजुरी दिली त्याचा: १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन. शेजारी एचसीआर (HCR) असं असेल तर तो हॅलोजनचा डिपर आणि अप्पर दोन्ही देणारा दिवा.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण: बाण. दिव्याकडे समोरून पाहताना बाण तुमच्या उजव्या हाताला दाखवत असेल तर दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा, म्हणजे आपल्या कामाचा. दोन्ही बाजूंना टोकं असलेला बाण असेल तर तो दोन्हीकडे चालतो, पण आत पट्टी सरकवून बाजू निवडावी लागते. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांचा. असा दिवा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. त्याचा झोत उजवीकडे वर चढतो, म्हणजे थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत. स्क्रू फिरवून हा दोष जात नाही, कारण तो काचेच्या किंवा रिफ्लेक्टरच्या घडणीतच असतो.

डॉट (DOT) एवढाच ठसा असलेले अमेरिकन दिवेही आपल्या रस्त्यांसाठी नाहीत.

तपासा: जुना दिवा काढून बाऊलची, म्हणजे दिवा बसतो त्या पत्र्याच्या वाटीची, खोली मोजा. जुना सीलबंद दिवा मागून आखूड असतो. एच४ बल्ब, होल्डर आणि रबरी टोपी मिळून बरीच जास्त जागा खातात. होल्डर बाऊलच्या पत्र्याला टेकला तर वायर मुडपते आणि काही महिन्यांत तिथेच तुटते.

कायद्याचंही इथेच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही. त्याच मापाचा, त्याच वॅटचा, पांढरा उजेड देणारा दिवा बसवा. हॅलोजनच्या घरात एचआयडी (झेनॉन) किट किंवा १००/९० वॅटचा बल्ब घालू नका. समोरच्याला त्रास होतोच, शिवाय प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरची चकाकी जळते.

## २. आहे ती वायरिंग मोजा

ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं. गाळू नका.

इंजिन चालू ठेवा, डिपर लावा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर घ्या. आधी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजा. तिथे १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवेत. १४.८ च्या वर जात असतील तर आधी रेग्युलेटर दुरुस्त करून घ्या, नाहीतर नवे बल्ब पटापट उडतील. डायनॅमोवाल्या गाडीत इंजिन थोडं रेस करून मोजा, कारण आयडलला डायनॅमो जवळपास चार्ज करत नाही.

मग बल्बपाशी मोजा. इथे एक चूक सर्रास होते. होल्डर बल्बमधून काढून त्यात मीटरच्या सुया घातल्या की मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो आणि माणूस म्हणतो वायरिंग ठणठणीत आहे. बल्बच नाही तर करंट वाहत नाही, आणि करंट नाही तर व्होल्टही पडत नाहीत. होल्डर बल्बलाच लावलेला असू द्या, मागच्या बाजूने वायरच्या कडेने सुई आत सारा आणि दिवा जळत असताना मोजा.

बॅटरी आणि बल्ब यांच्या आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वायरिंग थकली आहे. दोन व्होल्टचा फरक जुन्या गाड्यांत नेहमीचा. हॅलोजनचा उजेड व्होल्टबरोबर सरळ प्रमाणात कमी होत नाही, त्यापेक्षा कितीतरी वेगाने पडतो. व्होल्ट दहा टक्के कमी झाले की उजेड सुमारे तीस टक्के जातो. १३.८ ऐवजी ११.४ मिळाले तर निम्माच उरतो. त्या पहिल्या गाडीत मालकाने नवा दिवा घेऊन अर्धा उजेड वायरमध्येच सोडून दिला होता.

नुकसान कुठे होतंय तेही शोधा:

- एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या डिपर टर्मिनलवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत गेले.
- एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी बल्बच्या कॉमनवर, म्हणजे डिपर-अप्पर दोन्ही फिलामेंटच्या सामाईक टर्मिनलवर. हा आकडा मायनसच्या वाटेचा.

ही वाटणी साध्या, प्लस स्विचिंगच्या गाडीची. तिसरी पायरी करून तुमची गाडी मायनस स्विचिंगची निघाली, तर तिथे कॉमनवर प्लस असतो. मग दोन्ही सुयांच्या जागा त्याप्रमाणे बदलून मोजा.

बॉडी अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंग गंजलेलं आहे. कोकणात आणि किनाऱ्यालगत फिरणाऱ्या गाड्यांत दोष निम्म्या वेळा इथेच सापडतो. सगळे आकडे कागदावर लिहून ठेवा, काम झाल्यावर लागतील.

## ३. गाडीचं स्विचिंग प्लसकडून की मायनसकडून?

साध्या गाडीत बल्बचा कॉमन अर्थला असतो आणि डिपर स्विच प्लस पाठवतो. पण जपानी घडणीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत उलट असतं. कॉमनवर प्लस येतो आणि स्विच एकेका फिलामेंटला अर्थ करतो. साधा बल्ब दोन्हीकडे सारखाच जळतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. रिले किंवा एलईडी लावायला गेलं की घोटाळा उघडा पडतो.

तपासायला टेस्ट लॅम्प (क्लिप आणि टोक असलेला छोटा तपासणीचा दिवा) पुरतो.

दोन्ही बाजूंचे होल्डर बल्बपासून काढा. एकच काढलात तर दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून करंट फिरून येतो आणि टेस्ट लॅम्प खोटं सांगतो. मग डिपर लावा. टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या मायनसला अडकवा आणि टोक होल्डरच्या तिन्ही टर्मिनलना एकेक करून लावा.

- डिपरला एक टर्मिनल पेटतं, अप्परला दुसरं, तिसरं कधीच नाही: प्लस स्विचिंग. न पेटणारं ते कॉमन.
- एकच टर्मिनल डिपर-अप्पर दोन्हीला पेटतं, बाकी दोन गप्प: मायनस स्विचिंग. पेटणारं ते कॉमन.

खात्रीसाठी क्लिप बॅटरीच्या प्लसला लावून पुन्हा बघा. मायनस स्विचिंग असेल तर आता उरलेली दोन टर्मिनल डिपर-अप्परप्रमाणे आळीपाळीने पेटतील. दिवा अगदी मिणमिणला तर तो डॅशबोर्डवरच्या निळ्या इंडिकेटरमधून आलेला करंट असतो, तो धरू नका.

होल्डरवर मार्करने तिन्ही टर्मिनलची नावं लिहा. वायरच्या रंगावर भरवसा ठेवू नका, तीस वर्षांत तिथे किती हात लागलेत कोण जाणे.

थांबा: इथवरची उत्तरं कागदावर नसतील तर पुढे जाऊ नका.

## ४. सामान

उपाय असा: दिव्यांना करंट थेट बॅटरीतून जाड वायर आणि रिलेमार्गे द्यायचा, जुनी वायरिंग फक्त रिलेला हुकूम द्यायला ठेवायची. त्यासाठी ४ चौरस मिमी वायर बॅटरीपासून रिलेपर्यंत, २.५ चौरस मिमी रिलेपासून दिव्यांपर्यंत आणि दिव्यांपासून अर्थपर्यंत. वायर गाडीचीच घ्या, बारीक तारांची. घरातल्या लाइट फिटिंगची जाड एकेरी तार थरथरीने तुटते.

१२ व्होल्ट, ३० अँपिअरचे दोन रिले सॉकेटसकट, एक डिपरसाठी, एक अप्परसाठी. २५ अँपिअरचा एक मुख्य फ्यूज आणि १० अँपिअरचे चार. दोन सिरॅमिक एच४ होल्डर. थिंबल (वायरच्या टोकाला चेपून बसवायचं धातूचं टोक), हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), जाळीदार स्लीव्ह, केबल टाय, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची कडी), दातेरी वॉशर. आणि क्रिंपिंगची, म्हणजे थिंबल वायरवर चेपायची, खरी पक्कड. साध्या पक्कडीने चेपलेलं थिंबल हाताला घट्ट लागतं आणि आतून सैल राहतं.

रिलेवरचे आकडे नीट वाचा. ३० ला बॅटरीचा प्लस, ८७ मधून दिव्याकडे, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. पाच पायांच्या रिलेत मधला पाय ८७ए असू शकतो, आणि रिले बंद असताना तो ३० ला जोडलेला असतो. तिथे दिवा जोडलात तर किल्ली काढल्यावरही दिवा जळत राहील आणि सकाळी बॅटरी बसलेली असेल. काही रिलेत तोच मधला पाय दुसरा ८७ असतो. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून छापील आकृती बघूनच घ्या. कॉइलला डायोड असलेला रिले या कामाला नको. उलटी जोडणी झाली की डायोड जळतो.

तयार हार्नेस (वायर, रिले आणि होल्डर यांची बांधलेली जुडी) मिळतो, तोही चालतो. पण दोन गोष्टी बघा. वायर बाहेरून जाड दिसते, आतलं तांबं किती आहे ते टोक सोलून बघा. आणि रिलेच्या कॉइलचं अर्थ बॉडीला जाणाऱ्या थिंबलला जोडलंय की जुन्या होल्डरमध्ये जाणाऱ्या पिनला, ते मीटरने तपासा. बॉडीला असेल तर मायनस स्विचिंगच्या गाडीत तो चालणार नाही.

## ५. हार्नेस टेबलावर बांधा

बॉनेटखाली वाकून जोडणी करू नका. गाडीवर फक्त दोरी लावून अंतरं मोजा, मग सगळं टेबलावर.

मुख्य वाट अशी: बॅटरी प्लस, तिथून एक वीत अंतराच्या आत २५ अँपिअरचा फ्यूज, मग दोन्ही रिलेचे ३०. डिपर रिलेच्या ८७ मधून दोन फ्यूज, एक डाव्या दिव्याला, एक उजव्या. अप्परचंही तसंच. एकच फ्यूज दोन्ही दिव्यांना ठेवलात तर एका बाजूला शॉर्ट झाल्यावर घाटाच्या वळणावर दोन्ही दिवे एकदम जातील.

मुख्य फ्यूज बॅटरीजवळ का, ते मी स्वतः भोगून शिकलो. माझ्या पहिल्या कामात फ्यूज रिलेपाशी ठेवला होता. बॅटरी आणि रिले यांच्यामधली वायर रेडिएटरच्या पट्टीवर घासत राहिली, एके दिवशी आवरण फाटलं आणि फ्यूजच्या आधीच शॉर्ट झाला. फ्यूज शाबूत, वायर लालभडक. मी शेजारीच उभा होतो म्हणून बॅटरीचं टोक उपसता आलं.

आता कॉइल. जुना होल्डर कापू नका. बॅटरीच्या जवळच्या बाजूचा जुना होल्डर हुकूम देण्यापुरता वापरा आणि त्यात बसेल असा एच४ चा नर प्लग हार्नेसला लावा. डिपर रिलेच्या कॉइलचं एक टोक डिपर पिनला, अप्पर रिलेचं अप्पर पिनला, आणि दोन्ही कॉइलची उरलेली टोकं त्याच प्लगच्या कॉमन पिनला. बॉडीला नाही. अशी जोडणी केली की स्विचिंग प्लसकडून असो की मायनसकडून, रिलेला फरक पडत नाही, कारण कॉइल जुन्या बल्बच्या जागी जशीच्या तशी बसलेली असते. दुसऱ्या बाजूचा जुना होल्डर टेप गुंडाळून बांधून ठेवा.

सांधे क्रिंप करा आणि वर हीट श्रिंक चढवा. पिळून टेप गुंडाळणे हे काम नव्हे. नुसतं सोल्डर केलं तर सोल्डर संपतो तिथे वायर कडक होते आणि थरथरीने तिथेच तुटते.

तपासा: टेबलावरच बॅटरी आणि एक बल्ब जोडून दोन्ही रिले चालवून बघा. बल्बमधली फिलामेंट ओळखायची खूण: जिच्याखाली धातूची छोटी वाटी दिसते ती डिपरची.

## ६. गाडीवर बसवणे

१. बॅटरीचा मायनस काढा.

२. रिले आतल्या मडगार्डवर, पाय खाली करून बसवा. पाणी आत साचत नाही. रेडिएटर आणि एक्झॉस्टपासून लांब.

३. पत्र्यातून वायर जाते तिथे प्रत्येक ठिकाणी ग्रोमेट.

४. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थ वायर. बाऊलच्या स्क्रूवर विसंबू नका. चासीवर जागा निवडा, रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा, थिंबलखाली दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी लावायचं नाही.

५. बल्ब काचेला बोट न लावता धरा. लागलंच तर स्पिरिटने पुसा. बल्बचे तीन कान एकाच रीतीने बसतात. जोर लागतोय म्हणजे फिरलाय.

६. रबरी टोपीचं पाण्याचं भोक खाली. ती टोपी "नंतर लावू" म्हणून राहून जाते आणि एका पावसाळ्यात रिफ्लेक्टर काळा पडतो.

७. काचेवर वरची बाजू दाखवणारी खूण वर येईल असा दिवा बसवा, रिंग लावा.

८. सगळ्यात शेवटी बॅटरीचा मायनस.

## ७. चालू करून मोजा

दुसऱ्या पायरीतली मोजणी पुन्हा तशीच करा, दिवा जळत असताना. बॅटरी आणि बल्ब यांतला फरक आता अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवा. चांगलं काम असेल तर ०.२ ते ०.३ येतो. तेवढा येत नसेल तर पुन्हा दोन्ही वाटा वेगळ्या मोजा. फ्यूज होल्डर किंवा अर्थचा बोल्ट यांत दोष सापडतो.

मायनस स्विचिंगच्या गाडीत एक त्रास मुद्दाम सांगतो. निळा इंडिकेटर मंद जळतो, किंवा अप्पर लावल्यावर डिपरचा रिले सुटतच नाही. काही गाड्यांत इंडिकेटर डिपर आणि अप्परच्या वायरींमध्ये जोडलेला असतो. पूर्वी त्याला करंट डिपरच्या फिलामेंटमधून मिळत असे, आता तिथे रिलेची कॉइल आली, आणि इंडिकेटरमधून वाहणारा थोडासा करंट ती कॉइल धरून ठेवायला पुरतो. इंडिकेटरच्या दोन्ही जुन्या वायरी सोडवा. एका टोकाला अप्पर रिलेच्या ८७ मधून २ अँपिअरच्या फ्यूजने प्लस द्या, दुसरं टोक अर्थ करा.

एलईडीचे तयार गोल दिवे असतील तर त्यांना प्लस-मायनसची बाजू लागते. मायनस स्विचिंगच्या गाडीत ते थेट लावले तर पेटत नाहीत किंवा एकाच झोतावर अडकतात. वरचा रिले हार्नेस असेल तर तेही सरळ चालतात.

## ८. झोत लावणे

ही पायरी सोडली तर आधीचं सगळं काम समोरच्याला आंधळं करण्यात जातं.

टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस. सपाट जमिनीवर, भिंतीपासून दिव्याच्या काचेपर्यंत बरोबर ५ मीटर अंतर ठेवून गाडी भिंतीला काटकोनात उभी करा. दोन्ही दिव्यांच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून भिंतीवर आडवी रेघ ओढा, तिच्या ५ सेंटिमीटर खाली दुसरी. प्रत्येक दिव्याच्या मध्यासमोर उभी रेघ.

डिपर लावा. एका दिव्यासमोर पुठ्ठा उभा धरा, काचेवर कापड टाकू नका, जळतं. भिंतीवर उजेडाची वरची कड दिसेल: उजवीकडे आडवी, मध्ये कोपरा, तिथून डावीकडे वर चढणारी. आडवी कड खालच्या रेघेवर आणि कोपरा उभ्या रेघेवर आणा. रिंगजवळच्या दोन स्क्रूंपैकी एक उंचीचा, एक बाजूचा. मग दुसरा दिवा.

कड उजवीकडे चढत असेल तर स्क्रूला हात लावू नका. पहिल्या पायरीतला बाण परत बघा.

झोत फक्त डिपरचा लावायचा. एच४ मध्ये अप्पर त्याच्यामागोमाग आपोआप येतो. अप्पर लांब पडावा म्हणून दिवा वर उचलणारे खूप भेटतात, आणि त्यांच्या समोरून येणाऱ्याला वळणाची कड दिसत नाही.

## ९. आठवड्याने पुन्हा

शे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर बॉनेट उघडा. डिपर दहा मिनिटं जळू द्या, दिवा बंद करा आणि फ्यूज होल्डर, रिले सॉकेट, अर्थचे बोल्ट यांना बोट लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला तर तो सांधा सैल आहे, उघडून नवीन क्रिंप करा. वायर कुठे घासून आवरण पांढुरकं झालंय का ते पत्र्याच्या प्रत्येक काठाशी बघा. पहिला जोराचा पाऊस झाल्यावर काचेच्या आत वाफ धरली असेल, तर रबरी टोपी काढून नीट बसवा, भोक खाली आलंय ना ते बघून.